किल्ली कोणाकडे, निरोप कोणाला?
पेढीच्या संगणकातील परवानगी-गट आणि टपाल-याद्या यांची आखणी



अकोल्याची दालमिल असो, अमरावतीच्या इतवारा बाजारातील किराणा पेढी असो, की वरूड-मोर्शीच्या संत्र्याचा व्यवहार करणारे बागवान असोत, आज कीर्द-खतावणी, भाव, उधारी आणि गाड्यांच्या बिल्ट्या हे सारे संगणकात गेले आहे. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला, तेव्हा तर लहान दुकानदारालाही संगणकाचा आधार घ्यावा लागला. एका संगणकाचे चार झाले, चाराचे दहा झाले, ते एकमेकांना जोडले गेले आणि पत्रव्यवहार ईमेलने होऊ लागला.

परंतु जुन्या पेढीत जी एक शिस्त होती, ती बहुतेक ठिकाणी या संगणकात आलीच नाही. तिजोरीची किल्ली कोणाकडे, गोदामाची कोणाकडे, चोपडी कोण उघडणार, हे पूर्वी ठरलेले असे. हमालाने चोपडीला हात लावला नाही आणि मुनिमाने काट्यावर ढवळाढवळ केली नाही. आज मात्र अनेक पेढ्यांवर एकच पासवर्ड सर्वांना ठाऊक असतो. पगाराचा कागद, खरेदीचा भाव आणि ग्राहकांची उधारी एकाच फोल्डरमध्ये पडलेली असते. जो येईल तो उघडतो.

याचा परिणाम कळतो तो नोकर सोडून गेल्यावर. तो शेजारच्या पेढीत बसतो आणि आपल्या ग्राहकाला आपल्यापेक्षा क्विंटलमागे दहा रुपये कमी भाव सांगतो. आपण म्हणतो, नोकर बेइमान निघाला. पण किल्ली आपणच त्याच्या हाती ठेवली होती आणि जाताना परत मागितली नव्हती, हे आपण विसरतो.

या पाठात आपण ही किल्ली संगणकात कशी ठेवावी ते पाहू. विषय नवा वाटेल, परंतु त्यातले तत्त्व आपल्या ओळखीचे आहे.

दोन वेगळे प्रश्न

संगणकाच्या जाळ्यात माणसांचे गट दोन कारणांसाठी करतात. पहिला प्रश्न असा, की हा कागद कोण उघडू शकतो? दुसरा प्रश्न असा, की हा निरोप कोणाकोणाला पोहोचला पाहिजे?

पहिल्या प्रश्नासाठी जो गट करतात त्याला सिक्युरिटी ग्रुप म्हणतात. आपण त्याला परवानगी-गट म्हणू. दुसऱ्यासाठी जो करतात त्याला डिस्ट्रिब्युशन लिस्ट म्हणतात. आपण त्याला टपाल-यादी म्हणू. परवानगी-गट म्हणजे किल्ली. त्यात नाव आले की दार उघडते. टपाल-यादी म्हणजे दवंडी कोणाच्या दारी जायची त्याची यादी. त्यात नाव आले की निरोप येतो, दार उघडत नाही.

मायक्रोसॉफ्ट कंपनीने २००० साली विंडोज २००० सर्व्हरबरोबर ॲक्टिव्ह डिरेक्टरी नावाची व्यवस्था आणली. आजही मोठ्या कचेऱ्यांत बहुधा हीच व्यवस्था दिसते. तिच्यात गट बनवतानाच विचारले जाते, की हा सिक्युरिटीचा की डिस्ट्रिब्युशनचा? डिस्ट्रिब्युशन गटाला फोल्डरची परवानगी देता येत नाही. परंतु सिक्युरिटी गटाला मात्र ईमेलचा पत्ता जोडता येतो, म्हणजे एकच गट किल्लीही होतो आणि टपाल-यादीही. सोय म्हणून पुष्कळ लोक हेच करतात, आणि तिथेच चूक होते.

घोळ कसा होतो

समजा, पेढीत ‘हिशोब’ नावाचा गट आहे. त्यात मुनीम आणि दोन मदतनीस आहेत. याच गटाला खतावणीच्या फोल्डरची किल्ली दिली आहे आणि याच गटाला ईमेलचा पत्ताही आहे. एके दिवशी विक्रीचा मुलगा म्हणतो, ‘भाईजान, कोणत्या ग्राहकाचा पैसा जमा झाला ते हिशोबवाले एकमेकांना कळवतात. मलाही तो निरोप यावा.’ मागणी रास्त आहे. संगणकवाला त्याचे नाव ‘हिशोब’ गटात घालतो. मुलाला निरोप येऊ लागतो आणि सर्वांचे समाधान होते.

परंतु त्याच क्षणी त्या मुलासाठी संपूर्ण खतावणीही उघडली. त्याने ती मागितली नव्हती, मालकाने ती दिली नव्हती आणि संगणकवाल्याच्याही ते ध्यानात आले नाही. निरोप देण्यासाठी नाव घातले आणि तिजोरी उघडली. वर्ष-दोन वर्षांत अशी सात-आठ नावे जमतात आणि मग ‘हिशोब’ या शब्दाला काही अर्थ उरत नाही.

हा धोका आजच्या नव्या व्यवस्थांत कमी झालेला नसून वाढला आहे. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये ग्रुप तयार केला की सामायिक टपालपेटीबरोबर फायली ठेवण्याची जागाही तयार होते. सभासद झाला की दोन्ही मिळते. गुगलच्या व्यवस्थेतही ग्रुपच्या पत्त्यावर टपाल जाते आणि त्याच पत्त्याला ड्राइव्हमधला फोल्डर वाटून देता येतो. म्हणून या पाठातला पहिला नियम असा: किल्लीचा गट आणि टपालाची यादी वेगवेगळी ठेवावी. दोन्हींत आज तीच माणसे असली तरीही वेगळी ठेवावी, कारण उद्या ती तीच राहणार नाहीत.

एका पेढीचे उदाहरण

आता प्रत्यक्ष आखणी करू. समजा, अकोल्याच्या एमआयडीसीत एक दालमिल आहे आणि अमरावतीत तिचे विक्रीचे दुकान व लहान गोदाम आहे. दोन भाऊ मालक आहेत. थोरले अकोल्यात बसतात, धाकटे अमरावतीत. हमाल आणि मिलचे कामगार सोडले तर संगणकावर बसणारी माणसे बारा: मालक दोन, हिशोबात तीन, खरेदीत दोन, विक्रीत तीन आणि काटा-गोदामावर दोन.

प्रथम संगणकाला हात न लावता कागद घ्यावा. डावीकडे कामे लिहावीत: मालक, हिशोब, खरेदी, विक्री, गोदाम आणि पगार. पगार हे काम वेगळे लिहिले आहे, कारण ते एकटा मुनीम करतो. मदतनिसांना एकमेकांचा पगार दिसण्याचे कारण नाही. वरच्या बाजूला फोल्डर लिहावेत: खरेदी, विक्री, हिशोब, पगार, काटा-आवक आणि माल सोडण्याच्या चिठ्ठ्या. सहा कामे आणि सहा फोल्डर, मिळून छत्तीस चौकटी झाल्या. प्रत्येक चौकटीत तीनपैकी एकच शब्द लिहायचा: ‘लिहू शकतो’, ‘फक्त पाहू शकतो’ किंवा ‘काही नाही’.

आमच्या उदाहरणात हा कागद असा भरेल. खरेदीच्या फोल्डरमध्ये खरेदीवाले लिहितील, हिशोब आणि मालक पाहतील, विक्रीला काही नाही. विक्रीच्या फोल्डरमध्ये विक्रीवाले लिहितील, हिशोब आणि मालक पाहतील. हिशोबात हिशोबवाले लिहितील आणि मालक पाहतील. पगारात फक्त ‘पगार’ हे काम करणारा लिहील आणि मालक पाहतील. काटा-आवकमध्ये गोदामवाले लिहितील. खरेदी, विक्री, हिशोब आणि मालक पाहतील. चिठ्ठ्यांच्या फोल्डरमध्ये विक्रीवाले लिहितील. गोदाम, हिशोब आणि मालक पाहतील.

चिठ्ठ्यांचा फोल्डर वेगळा का केला, हे ध्यानात घ्यावे. गोदामवाल्याला कोणत्या गाडीत किती कट्टे भरायचे एवढेच कळले पाहिजे. ती चिठ्ठी विक्रीच्या फोल्डरमध्ये ठेवली असती तर एका चिठ्ठीसाठी त्याला सर्व ग्राहकांचे भाव दिसले असते. ज्याला जेवढे काम, त्याला तेवढेच दार. चौकटी भरताना अडचण आली तर बहुधा फोल्डर चुकीचा बांधलेला असतो. माणसाला जास्त परवानगी देण्यापेक्षा फोल्डर वेगळा करावा.

प्रत्येक फोल्डरचा एक जबाबदार माणूसही याच कागदावर लिहावा. खरेदीच्या फोल्डरमध्ये कोणाला घ्यायचे हे खरेदीचा प्रमुख सांगेल, संगणकवाला नाही. संगणकवाला कुलूप बसवतो; किल्ली कोणाला द्यायची हे घरमालक ठरवतो.

माणूस, काम, जागा

आता हा कागद संगणकात उतरवायचा. इथे पुष्कळ जण घाई करतात आणि फोल्डरवर थेट माणसांची नावे घालतात. बारा माणसे आणि सहा फोल्डर म्हणजे बहात्तर ठिकाणी निर्णय. एक माणूस बदलला की सहाही फोल्डर तपासत बसावे लागते आणि एखादा हमखास राहतो.

योग्य रीत तीन पायऱ्यांची आहे. माणसाला कामाच्या गटात घालावे. कामाच्या गटाला जागेच्या गटात घालावे. परवानगी फक्त जागेच्या गटाला द्यावी.

कामाचे गट सहा होतील, वर लिहिलेल्या कामांप्रमाणे. जागेचे गट प्रत्येक फोल्डरसाठी दोन: एक लिहिणाऱ्यांचा, एक पाहणाऱ्यांचा. म्हणजे ‘खरेदी-लेखन’ आणि ‘खरेदी-वाचन’. मग ‘खरेदी-वाचन’ या जागेच्या गटात ‘हिशोब’ आणि ‘मालक’ हे कामाचे गट बसवायचे. हे एकदाच करायचे आहे. पुढे हिशोबात नवा मुलगा आला की त्याचे नाव फक्त ‘हिशोब’ या गटात घालायचे. त्याच्या कामाला लागणारी सर्व दारे आपोआप उघडतात आणि न लागणारी बंद राहतात. मुनीम मात्र ‘हिशोब’ आणि ‘पगार’ अशा दोन गटांत असेल.

ॲक्टिव्ह डिरेक्टरीत कामाच्या गटाला ग्लोबल आणि जागेच्या गटाला डोमेन लोकल हा प्रकार निवडतात. युनिव्हर्सल नावाचा तिसरा प्रकार आहे. तो अनेक डोमेन असलेल्या मोठ्या कंपन्यांना लागतो. अकोला आणि अमरावती ही शहरे दोन असली तरी पेढी एक आहे, म्हणून डोमेन एकच पुरे. शहर वेगळे म्हणून वेगळे डोमेन करण्याच्या भानगडीत पडू नये.

आणखी चार तांत्रिक गोष्टी इथेच सांगून ठेवतो, कारण अडचण बहुधा यांतूनच येते.

एक: विंडोजमध्ये फोल्डर जाळ्यातून वाटताना एक परवानगी लागते आणि फोल्डरची स्वतःची दुसरी असते. जाळ्यातून येणाऱ्याला या दोहोंपैकी जी अधिक आखूड असेल तीच मिळते. ‘मी परवानगी दिली, तरी उघडत नाही’ ही तक्रार पुष्कळदा यामुळे असते. म्हणून बारीक आखणी फोल्डरच्या स्वतःच्या परवानगीत करावी.

दोन: ‘एव्हरीवन’ म्हणजे ‘सर्वजण’ या नावाला फोल्डरमध्ये पूर्ण अधिकार दिलेला असेल तर वरची सारी मेहनत व्यर्थ आहे. प्रथम हे नाव शोधून काढावे.

तीन: ‘डिनाय’ म्हणजे स्पष्ट नकाराची खूण टाळावी. नकार सहसा परवानगीवर मात करतो, आणि दोन गटांत असलेल्या माणसाचे काम का अडले ते नंतर सापडत नाही. ज्याला द्यायचे नाही त्याला गटात घालूच नये.

चार: गटात नाव घातले किंवा काढले तरी चालू बैठकीत बदल लागू होत नाही. माणसाने संगणकावरून बाहेर पडून पुन्हा आत यावे लागते, कारण गटांची यादी आत येतानाच तयार होते.

नावे अशी ठेवा की परक्यालाही कळावीत

‘ग्रुप १’, ‘नवा ग्रुप’, ‘टेस्ट’ अशी नावे ठेवू नयेत. सहा महिन्यांनी ती ठेवणाऱ्यालाही आठवत नाहीत. सुरुवातीचा शब्दच प्रकार सांगेल असे करावे: ‘काम-हिशोब’, ‘जागा-खरेदी-वाचन’, ‘टपाल-रोजभाव’. शहर वेगळे करणे खरोखर जरूर असेल तरच शहराचे नाव घालावे, जसे ‘काम-गोदाम-अमरावती’. माणसाचे नाव गटाला कधीही देऊ नये. माणूस जातो, काम राहते.

प्रत्येक गटाला वर्णन लिहिण्याची जागा असते. तिथे हा गट कशासाठी, कोणाच्या सांगण्यावरून आणि कोणत्या तारखेला केला हे एका ओळीत लिहावे. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आपल्याला सूरह बकराच्या २८२व्या आयतीत दिलेली आहे. किल्लीची देवघेव हीसुद्धा जबाबदारीची देवघेव होय. तिचीही नोंद असावी.

टपाल-याद्यांची आखणी

आता दुसरा प्रश्न. निरोप कोणाला?

टपाल-यादी करताना विचार माणसांपासून सुरू करू नये, निरोपापासून सुरू करावा. आमच्या पेढीत रोज कोणते निरोप जातात? सकाळचा भाव, गाड्यांची हालचाल, जमा-उधारीची आठवण आणि सर्वांसाठी सूचना. म्हणून चार याद्या: ‘टपाल-रोजभाव’, ‘टपाल-गाड्या’, ‘टपाल-जमा’ आणि ‘टपाल-सर्व’. मघाचा विक्रीचा मुलगा ‘टपाल-जमा’ यादीत येईल. त्याला निरोप मिळेल आणि खतावणी बंदच राहील.

टपाल-यादीत बाहेरची माणसेही घेता येतात. ‘टपाल-गाड्या’ यादीत वाहतूकदाराचा पत्ता असावा, ‘टपाल-जमा’ यादीत हवे तर सीएसाहेबांचा. यात धोका नाही, कारण यादी ही किल्ली नाही. पण याद्या आणि गट एक केले असते, तर वाहतूकदारालाही खतावणी उघडून देण्याची वेळ आली असती.

यादी झाली की तीन गोष्टी ठरवाव्यात. यादीवर कोण पाठवू शकतो? उत्तर कोणाला जाते? नावे घालण्या-काढण्याचा अधिकार कोणाचा?

पहिल्या गोष्टीकडे दुर्लक्ष केले तर काय होते, याचे मोठे उदाहरण इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत घडले. नोव्हेंबर २०१६ मध्ये तिथल्या एका कर्मचाऱ्याने चाचणीचे एक ईमेल एका यादीवर पाठवले. यादी लहान भागापुरती असायला हवी होती. परंतु यादीच्या मांडणीत चूक असल्याने ते सुमारे ८ लाख ४० हजार खात्यांपर्यंत गेले. मग अनेक लोकांनी ‘मला हे का आले, माझे नाव काढा’ असे उत्तर लिहिले आणि तेही सर्वांना गेले. टपालाची व्यवस्था त्या दिवशी मंदावली. खुद्द मायक्रोसॉफ्टच्या कचेरीतही १९९७ साली अशाच एका यादीवरून उत्तरांचा पूर आला होता. म्हणून ‘टपाल-सर्व’ यादीवर दोन मालक आणि मुनीम एवढेच पाठवू शकतील, असे बंधन घालावे. ही सोय एक्सचेंजमध्येही आहे आणि गुगलच्या ग्रुपमध्येही. मोठ्या यादीसाठी ‘आधी मंजुरी, मग रवानगी’ अशीही व्यवस्था करता येते.

ग्राहकांना भाव पाठवताना याहून अधिक काळजी घ्यावी. सर्व ग्राहकांचे पत्ते ‘टू’ किंवा ‘सीसी’च्या रकान्यात घातले तर प्रत्येक ग्राहकाला बाकी सर्वांची यादी आयती मिळते. लंडनच्या ५६ डीन स्ट्रीट या दवाखान्याने सप्टेंबर २०१५ मध्ये हीच चूक केली. एचआयव्हीच्या सेवा घेणाऱ्या सुमारे ७८० लोकांना एक वार्तापत्र पाठवताना पत्ते ‘बीसीसी’ऐवजी उघड्या रकान्यात गेले आणि कोणाकोणाची नावे आहेत हे सर्वांना दिसले. २०१६ मध्ये त्याबद्दल १ लाख ८० हजार पौंडांचा दंड झाला. आपली यादी इतकी नाजूक नसेल. तरीही अमरावतीच्या एका दुकानदाराने आपल्याकडून माल घेतल्याचे दुसऱ्याला कळावे की नाही, हे ठरवण्याचा हक्क त्याचा आहे. ग्राहकाचे नाव ही आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे. म्हणून बाहेरच्यांना पाठवताना नेहमी ‘बीसीसी’ वापरावे.

आणखी एक सवय लावून घ्यावी. व्हिजिटिंग कार्डावर आणि बिलावर नोकराचा स्वतःचा पत्ता छापू नये. ‘विक्री’, ‘हिशोब’, ‘खरेदी’ अशा कामाच्या नावाचे पत्ते छापावेत. त्या पत्त्यावरचे टपाल आज ज्याच्याकडे ते काम आहे त्याला जाईल. तो नोकरी सोडून गेला तरी ग्राहकाचे पत्र त्याच्यामागे जाणार नाही, पेढीवरच येईल.

नोकर येतो, बदलतो, जातो

सगळी आखणी उत्तम झाली तरी ती तीन प्रसंगी मोडते: नवा माणूस रुजू होतो तेव्हा, माणसाचे काम बदलते तेव्हा आणि माणूस सोडून जातो तेव्हा.

रुजू होताना त्याला स्वतःचे खाते आणि स्वतःचा पासवर्ड द्यावा. ‘फलाण्यासारखेच याला द्या’ असे सांगू नये, कारण त्या फलाण्याला जुन्या कामाचीही दारे उघडी असतात आणि तीही नव्याला मिळतात.

काम बदलताना नवी किल्ली सर्वांना आठवते, जुनी परत घेणे कोणाला आठवत नाही. खरेदीतून विक्रीत आलेल्याचे नाव खरेदीच्या गटातून त्याच दिवशी काढावे. दोन्ही भाव एकाच माणसाला दिसू लागले की पेढीचा नफा त्याच्या खिशात लिहिलेला असतो.

सोडून जाताना शेवटच्या दिवशी त्याचे खाते बंद करावे आणि चालू बैठकीतून त्याला बाहेर काढावे. खाते लगेच पुसून टाकू नये. निदान तीन महिने बंद अवस्थेत ठेवावे. कारण प्रत्येक खात्याला संगणक आतून एक स्वतंत्र क्रमांक देतो. पुसलेल्या नावाचे खाते पुन्हा केले तरी क्रमांक नवा येतो आणि जुन्या परवानग्या परत मिळत नाहीत. त्याचे नाव टपाल-याद्यांतूनही काढावे आणि मोबाईलवर पेढीचे टपाल येत असेल तर तेही बंद करावे.

हे करताना अपमानाची भावना असू नये. मक्केतून हिजरत करण्याच्या वेळी प्रेषित (सल्ल.) यांनी लोकांच्या अमानती ज्याच्या त्याला परत करण्यासाठी हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवले होते, हे आपण सीरतमध्ये वाचतो. ज्यांनी छळ केला त्यांच्याही ठेवी त्यात होत्या. जाणाऱ्याने अमानत परत करून जावे आणि ठेवणाऱ्याने ती मोजून घ्यावी, यातच दोघांची इज्जत आहे. पुढे काही गहाळ झाले तर त्याच्यावर बोट दाखवले जाणार नाही.

कायद्याचाही विचार करावा. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ आणि ६६ नुसार मालकाच्या परवानगीविना संगणकातील माहिती अप्रामाणिकपणे उचलणे हा तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. परंतु ‘परवानगीविना’ हे दाखवायचे तर परवानगी कोणाला होती याची नोंद आपल्याकडे हवी. सर्वांना सर्व उघडे असेल तर आपण काय दाखवणार?

‘घरचीच माणसे आहेत’

आता एक आक्षेप. थोरले भाऊ म्हणतील, ‘सगळी घरची माणसे आहेत. पुतण्या आहे, मेहुणा आहे, मुनीम वडिलांच्या वेळचा आहे. त्यांच्यापासून काय लपवायचे?’

याला दोन उत्तरे आहेत. पहिले व्यवहाराचे. संगणकात शिरणारा व्हायरस ज्याच्या खात्यातून शिरतो, त्याचे जेवढे अधिकार तेवढेच नुकसान करू शकतो. पुतण्याने चुकून एक खोटे ईमेल उघडले आणि त्याला सर्व फोल्डरमध्ये लिहिण्याचा अधिकार असला, तर सर्व फोल्डर कुलूपबंद होतात आणि खंडणी मागितली जाते. पुतण्या इमानदार होता, एवढ्याने ते टळत नाही. याच कारणाने आम्ही मालकांनाही रोजच्या खात्यात बहुतेक ठिकाणी ‘फक्त पाहू शकतो’ एवढेच दिले आहे. यात मालकाचा मान कमी होत नाही; त्याचा माल राखला जातो. संगणकवाल्याचेही रोजचे खाते वेगळे आणि सर्वाधिकाराचे वेगळे असावे, आणि सर्वाधिकाराचा पासवर्ड बंद लिफाफ्यात तिजोरीत असावा.

दुसरे उत्तर नात्याचे. सूरह निसाच्या ५८व्या आयतीत अमानती त्यांच्या हक्कदारांकडे सोपवण्याची आज्ञा आहे. मक्का विजयाच्या प्रसंगी, इ. स. ६३० मध्ये, काबागृहाची किल्ली उस्मान बिन तलहा (रजि.) यांच्याकडेच परत दिली गेली, असे तफसीरकार या आयतीच्या संदर्भात सांगतात. त्या दिवशी त्यांच्याहून जवळचे नातलग हजर होते. तरी किल्ली ज्याच्याकडे काम होते त्याच्याकडे गेली. नाते मोठे आणि किल्ली लहान असे नाही. दोन्हींच्या जागा वेगळ्या आहेत. भावाभावांत फूट पडते तेव्हा ‘कागद कोणी पाहिला, आकडा कोणी बदलला’ येथूनच संशय सुरू होतो. ज्याने लिहिले त्याचे नाव ठरलेले असेल तर संशयाला जागा राहत नाही.

लहान दुकान आणि कारखान्यासाठी

ज्यांच्याकडे सर्व्हर नाही त्यांनी हे वाचून सोडून देऊ नये. सुतारकाम, वेल्डिंग, जरीकाम किंवा गॅरेज चालवणाऱ्यालाही हेच तत्त्व लागू आहे.

दोन-चार संगणक असतील तर विंडोजच्या प्रोफेशनल आवृत्तीत त्याच यंत्रावर खाती आणि गट करता येतात. जाळ्यातून फोल्डर वाटण्यासाठी अशा साध्या विंडोजला वीस यंत्रांची मर्यादा आहे; आपल्याला ती पुरते. टॅली वापरत असाल तर त्यातली सुरक्षेची सोय चालू करून मालकाचा आणि नोंद करणाऱ्याचा असे वेगळे वापरकर्ते करावेत. एकाच नावाने सर्वांनी नोंदी करू नयेत.

फक्त मोबाईलवर काम चालत असेल तर व्हॉट्सॲपमध्येही हाच फरक दिसतो. ग्रुपमध्ये सर्वांना सर्वांचे नंबर दिसतात आणि कोणीही लिहू शकतो. ब्रॉडकास्ट यादीत निरोप प्रत्येकाला वेगळा जातो. मात्र त्याने आपला नंबर जतन केलेला असावा लागतो. ग्राहकांना भाव सांगायला ब्रॉडकास्ट यादी, कारागिरांना कामाची आखणी सांगायला ग्रुप. आणि नक्षीचे नमुने किंवा ग्राहकांची मापे त्या ग्रुपवर टाकू नयेत, कारण सोडून गेलेल्या कारागिराच्या मोबाईलमध्ये ती राहतात.

आता काय करावे

येत्या जुम्म्याच्या आधी एक तास काढावा. कागदावर आपल्या पेढीतली कामे डावीकडे आणि फोल्डर वर लिहून चौकटी भराव्यात. नंतर संगणकवाल्याला बोलावून आज प्रत्यक्षात कोणाला काय उघडे आहे त्याची यादी काढायला सांगावी. दोन्ही कागद शेजारी ठेवावेत. जिथे फरक दिसेल तिथून काम सुरू करावे. सर्वप्रथम सोडून गेलेल्यांची नावे काढावीत, मग पगाराचा फोल्डर, मग खरेदीचा भाव.

हा ताळा वर्षातून दोनदा करावा. साठा मोजण्याच्या दिवसाला किंवा जकातीचा हिशोब करण्याच्या दिवसाला तो जोडून घेतला तर विसरणार नाही. कट्टे मोजतो, रोकड मोजतो, तशा किल्ल्याही मोजाव्यात.

अल्लाह आपल्या हलाल व्यापारात बरकत देवो आणि आपल्याकडे ठेवलेल्या प्रत्येक अमानतीचे रक्षण करण्याची ताकद देवो. आमीन.